अंगठा

तांबड्या समुद्रावर, हुरघाद्यात,
शेनूदा नावाच्या माणसाने मला बोलायला शिकवलं
बत्तिसाव्या वर्षी.
तर्जनी अंगठ्याला टेकवून गोल: ठीक आहे.
आडवा पंजा हलवला: काहीतरी बिनसलंय.
मूठ छातीशी: हवा संपत आली.
आणि अंगठा वर म्हणजे शाब्बास नव्हे,
डोक्यात ठेव, मालवणच्या माणसा,
अंगठा वर म्हणजे वर चल. लगेच. कारण विचारायचं नाही.

तिथलं पाणी असं, की चाळीस हातांवरून
पोवळ्याच्या फांदीतला मासा मोजून घ्यावा.
जर्मन म्हातारे, इटलीची नवरानवरी,
खाली गेले की सगळे सारखेच मुके.
इतर शिकाऊ खुणा विसरायचे, मी नाही.
कुठे शिकलास, शेनूदा विचारायचा.
घरी, मी म्हणायचो. सुरंगी जन्मली तेव्हापासून.

आम्ही पाच भावंडं, एक पंजा.
मी अंगठा, थोरला. सुरंगी करंगळी.
एक वेंगुर्ल्याला दिली, एक शिरोड्याला,
आणि मधलं बोट
आता आम्ही एकटं उचलत नाही.

परत आलो, दांडीवर कुबलांच्या होडीत लागलो.
किल्ल्यामागचं पाणी पेजेसारखं.
सांगलीच्या गिऱ्हाइकाला टाकीच्या मानेला धरून
मांजराच्या पिलासारखा खाली नेतो,
फोटो काढतो, वर सोडतो. पुढचा.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी गिऱ्हाईकच नव्हतं.
सुरंगीला सूट चढवला.
आई किनाऱ्यावरून ओरडत होती,
"तिका बुडवशीत रे मेल्या!"
आमच्या दोघांपैकी एकालाच ऐकू येत होतं.

दोन मीटरवर तिने कानाला हात लावला.
दुखतंय.
मी थबकलो. हे माझ्या ध्यानातच नव्हतं:
जे कान आजवर काही घरात आणू शकले नाहीत
त्यांच्यावरही समुद्र तेवढाच बसतो.
नाक चिमटून फुंक, म्हटलं. फुंकलं. गोल केला. खाली.

आणि सात मीटरवर ती बोलायला लागली.
ही तांबोशी बाजारात किती देईल,
हा गोबरा बघ, तोंड तलाठ्यासारखं,
हे पोवळं असं मळकं का, कोणी धूत नाही का,
ती मासळी सगळी एकदम का वळते, कोण सांगतं तिला?
दोन्ही हात, कोपरं, भुवया, मास्कआडून हसणं.
मी मागे काय? काय? करत.
एवढं शिकून आलेला मी
तिच्यापुढे तोतरा.

मग तिने हातमोजा काढला
आणि एका खडकावर पंजा ठेवला.
शिवायचं नसतं, सांगितलेलं होतं.
ठेवलाच. बराच वेळ.
मग माझ्याकडे वळून
अंगठा वर.

कारण विचारायचं नाही.
मी तिचा पट्टा धरला, बुडबुड्यांच्या मागे मागे
हळूहळू वर आणलं.
टाकीत एकशे वीस शिल्लक.

मास्क ओढून तिने पाण्यावर हात आपटला.
वर चल नव्हे रे!
अंगठा. तू. अंगठा, तू!
हाक मारत होते तुला.

कशाला, ते होडीत सांगितलं, टॉवेलात गुरफटून:
तो खडक माझ्या हाताखाली कुरकुरत होता
की माझाच हात?

खाली कायम एक कडकड असते.
बारके झिंगे चिमटे वाजवतात, शेनूदा सांगायचा.
आठ वर्षं ऐकतोय.
आमच्या घरात बांगड्याला खूण आहे, तापाला आहे,
उधारीला दोन आहेत.
आवाजाला नाही.
मी नुसता वल्ह्याकडे बघत बसलो.

रात्री तव्यावर बांगडे पडले.
सुरंगीने सांडशीने तवा धरला होता,
मध्येच थांबली.
पकड आवळली. डोळे मिटले.
आई म्हणाली, "करपतत ते, परत!"
डोळे उघडून तिने सरळ माझ्याकडे पाहिलं.

मी ताटातून उचलला
कालवण लागलेला हात
आणि तर्जनी अंगठ्याला टेकवली.